केबल बदलते, डक्ट राहते

१९७९ साली पुण्यात दोन स्थानिक टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली. देशातली ती पहिली. त्यानंतरच्या साडेचार दशकांत दोन्ही टोकांची यंत्रे बदलली, लेसर बदलले, केबलची बांधणी बदलली. केसाएवढ्या काचतंतूतून जाणारी माहिती ज्या एककांत मोजायची, ती एककेही बदलली. कामाचा एक भाग मात्र जवळपास तसाच राहिला. रस्त्याच्या कडेला चर खणायचा, त्यात नळी टाकायची, चर बुजवायचा आणि मग त्या नळीतून केबल न्यायची. मुकादमापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे या नळीला डक्ट म्हणतात. प्रस्तुत पुस्तक त्या डक्टविषयी आहे. ती कशाची असावी, किती व्यासाची, किती जाडीची, किती नळ्या एका चरात घालाव्यात आणि किती खोल, हे ठरवायचे कसे, एवढाच त्याचा विषय. विषय अरुंद वाटेल, पण त्याच्यावर पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च अवलंबून असतो.

बहुतेक प्रकल्पांत डक्टची निवड सगळ्यात शेवटी होते. मार्ग आखला जातो, परवानग्या येतात, केबलमध्ये किती फायबर हवेत ते ठरते, यंत्रांची खरेदी निघते आणि नळी निविदेच्या दरपत्रकातल्या एका ओळीपुरती उरते. तिथे सर्वांत कमी दर जिंकतो. हा क्रम उलटा आहे, असे या पुस्तकाच्या लेखकांचे म्हणणे आहे आणि मला ते पूर्णपणे पटते. टोकाची यंत्रे दहाएक वर्षांत जुनी होतात. केबल वीस-पंचवीस वर्षे चालते, पण पुष्कळदा त्याआधीच ती अपुरी पडते. चांगल्या प्रतीची, नीट पुरलेली पॉलिथिलीनची नळी मात्र अर्धशतक टिकावी अशा हिशेबाने बनवलेली असते. भूमिगत मार्गाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खोदाईचा, रस्ता पूर्ववत करण्याचा आणि रस्त्याच्या मालक संस्थेला भरायच्या शुल्काचा असतो. नळीचा वाटा त्या मानाने लहान. म्हणजे जी वस्तू जमिनीत सर्वांत जास्त काळ राहणार, तिच्यातच आपण काटकसर करतो. आजची केबल आजच्या नळीतून जाईलच. वीस वर्षांनी येणारी केबल, जिची बांधणी आज कोणालाच ठाऊक नाही, ती जाईल का, हे नळी निवडताना विचारायला हवे.

हा प्रश्न फायबरपेक्षा पुष्कळ जुना आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते २८ जानेवारी १८८२ रोजी, कोलकाता आणि चेन्नईच्या बरोबरीने. त्या काळी जगभरच्या शहरांत तारा छपरांवरून आणि खांबांवरून जात. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कला हिमवादळाने झोडपले, तारांची जाळी कोसळली आणि तारा जमिनीखाली नेण्याच्या मागणीला जोर आला. त्यासाठी भाजून चकाकी दिलेल्या मातीच्या नळ्या आल्या. एकेका ठोकळ्यात दोन, चार, सहा भोके, असे ठोकळे एकापुढे एक ठेवून भोवती काँक्रीट भरायचे. एका खोदाईत पुढच्या पिढीसाठी रिकाम्या वाटा राखून ठेवायच्या, हा विचार तेव्हापासूनचा आहे आणि आजही त्यात भर घालण्यासारखे फारसे काही नाही. मातीखेरीज लाकूड, डांबरात मुरवलेला कागदी लगदा, अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट असे एकेक पदार्थ येत गेले. लाकूड कुजले, लगद्याच्या नळ्या दाबाखाली चपट्या झाल्या, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ माणसांच्या फुप्फुसांत गेली. मग पीव्हीसी आले आणि शहरी टेलिफोन खात्यांचे काम दीर्घकाळ त्याच्यावर निभावले.

दुसरी वाट रसायनशास्त्रातून आली. १९३३ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीन सापडले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी कमी दाबाखाली ते बनवण्याची रीत शोधली आणि त्यातून घनतेने व ताकदीने सरस असे एचडीपीई हाती आले. या पदार्थाची नळी गुंडाळता येते. पीव्हीसीच्या ६ मीटर लांबीच्या नळ्यांनी १ किलोमीटर मार्ग करायचा तर दीडशेहून अधिक जोड लागतात. एचडीपीईच्या एका गुंडाळीत किलोमीटरभर नळी सलग येते. तांब्याच्या जमान्यात या फरकाचे तितके मोल नव्हते. फायबर आल्यावर ते एकदम वाढले आणि का वाढले हे समजून घेतल्याशिवाय निवडीचा विचार पुढे सरकत नाही.

चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीत तशी काच प्रत्यक्षात आली. पण ही काच तांब्यासारखी ताण सोसत नाही. तांबे ओढले तर थोडे लांबते आणि काम करत राहते. काचतंतू कारखान्यात साधारण १ टक्का ताणून तपासलेला असतो, पण तो ताण क्षणभराचा. पुरलेल्या केबलमध्ये ताण कायम राहिला तर काचेवरचा सूक्ष्म तडा ओलाव्यात हळूहळू वाढतो आणि तंतू महिन्यांनी किंवा वर्षांनी तुटतो. ज्या दिवशी केबल ओढली त्या दिवशीच्या तपासणीत सगळे ठीक दिसते. म्हणून केबल नळीत नेताना तिच्यावर किती ओढ पडते, हा या शास्त्राचा गाभा झाला.

इथे थोडे गणित पाहण्यासारखे आहे. नळीच्या प्रत्येक वळणावर ओढ नुसती वाढत नाही, ती गुणली जाते. घर्षणांक ०.२५ धरला तर काटकोनातल्या एका वळणानंतर १०० किलोची ओढ १४८ किलो होते. अशी चार वळणे झाली की ४८० किलो. बाहेरच्या वापराच्या बऱ्याच केबलींना २,७०० न्यूटन, म्हणजे सुमारे २७५ किलोपर्यंतच ओढ सोसते. घर्षणांक ०.१ वर आणला तर तीच चार वळणे पार करून ओढ १९० किलोच्या आत राहते. मार्ग तोच, केबल तीच, माणसे तीच. नळीच्या आतल्या पृष्ठभागाने काम जमवले किंवा बिघडवले. आणि वळण म्हणजे फक्त चौकातले वळण असे समजू नये. चरात नागमोडी पडलेली नळी, दगड चुकवताना घेतलेला हेलकावा, गुंडाळीतून निघालेल्या नळीने न सोडलेला बाक, हे सगळे कोन मिळवावे लागतात. सरळ दिसणाऱ्या मार्गातही त्यांची बेरीज मोठी होते.

यावर दोन उत्तरे निघाली. एक नळीच्या आत. आपल्याकडे जिला पीएलबी डक्ट म्हणतात, तिच्या आतल्या बाजूला सिलिकॉनयुक्त घन वंगणाचा थर नळी बनवतानाच बसवलेला असतो. तो पुसला जात नाही, वाहून जात नाही आणि वर्षांनंतर दुसरी केबल घालायची वेळ आली तरी उपयोगी पडतो. दुसरे उत्तर केबल न्यायच्या रीतीत. १९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमने हवेच्या झोताने फायबर नळीत नेण्याची कल्पना मांडली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डच टपाल-तार खात्याच्या संशोधन केंद्रात विलेम ग्रिफिऊन यांनी पूर्ण केबलीसाठी ती विकसित केली. टोकाला यंत्राने केबल आत ढकलायची आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरची हवा नळीत सोडायची. हवा केबलला तिच्या संपूर्ण लांबीवर थोडे थोडे पुढे नेते, त्यामुळे ओढ एका टोकाला साचत नाही आणि वळणांचा गुणाकार बराच सौम्य होतो. चांगल्या मार्गावर एका दमात १ ते २ किलोमीटर केबल जाते. आपल्याकडच्या कामांवर याला ब्लोइंग म्हणतात आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर आज हीच रीत रूढ आहे.

ब्लोइंग आल्यावर नळीकडून अपेक्षा बदलल्या. तिने हवेचा दाब धरला पाहिजे, दोन नळ्या जोडणारा प्रत्येक कपलर हवाबंद बसला पाहिजे, आतला व्यास कुठेही दबलेला नको. एका सैल कपलरमुळे किलोमीटरभराचे काम अडते. जिथे केबल अडते त्या जागी पुन्हा खणावे लागते आणि ती जागा नेमकी एखाद्या दुकानाच्या पायरीखाली निघते. लेखकांनी कपलर, एंड प्लग आणि नळीच्या हवादाब तपासणीला नळीइतकेच महत्त्व दिले आहे, ते योग्यच आहे. माझ्या मते पाणी-माती आत शिरू न देणारा एंड प्लग ही या कामातली सर्वांत उपेक्षित वस्तू आहे. पावसाळ्याआधी चर बुजवला, नळीचे तोंड उघडे राहिले, की दिवाळीनंतर त्या नळीत गाळच मिळतो.

आता या क्षेत्रातले निरनिराळे पंथ. पहिला शहरी टेलिफोन खात्यांचा. १०० मिलिमीटरच्या आसपासच्या कडक नळ्या, त्यांची उतरंड, भोवती काँक्रीट, ठरावीक अंतरावर माणूस उतरू शकेल असे मॅनहोल. खर्च मोठा, पण दाटीच्या रस्त्याखाली याच्याइतके भक्कम दुसरे काही नाही. तांब्याच्या काळातल्या अशा नळ्यांत फायबरची एकच बारीक केबल टाकली तर बाकीची जागा वाया जाते, म्हणून आत तीन-चार लहान नळ्या घालायची पद्धत पडली. दुसरा पंथ लांब पल्ल्याचा. ४० मिलिमीटर बाहेरच्या आणि ३३ मिलिमीटर आतल्या व्यासाची पीएलबी नळी गुंडाळीवरून उलगडत थेट मातीत पुरायची. भारतात हेच माप सर्वांत जास्त चालते आणि दूरसंचार खात्याच्या तांत्रिक केंद्राने त्याची विनिर्देशने घालून दिली आहेत. १.६५ मीटर खोली ही आपल्याकडची जुनी, रुळलेली अट या पंथातलीच.

तिसरा पंथ सूक्ष्मनळ्यांचा, त्यांना मायक्रोडक्ट म्हणतात. १० मिलिमीटर बाहेरच्या आणि ८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत आज ९६ फायबरची बारीक केबल जाते. अशा चार-पाच नळ्या एका ४०/३३ नळीत सहज बसतात. म्हणजे पूर्वी जिथे एका ग्राहक कंपनीची एक केबल जायची, तिथे चार-पाच वाटा तयार होतात आणि प्रत्येक वाट हवी तेव्हा भरता येते. घराघरांत फायबर नेण्याच्या कामात या पंथाने युरोपात मोठी मजल मारली. त्याची मर्यादा अशी की बारीक नळीला धूळ, पाणी आणि चुकीचा कपलर अजिबात खपत नाही, आणि काम करणाऱ्या गटाचे हात त्याला सरावलेले लागतात.

याच पंथाची एक शाखा उथळ खोदाईकडे गेली. डांबरी रस्त्यात करवतीने अरुंद खाच पाडायची, तीत नळी किंवा केबल ठेवायची, वरून भरणी करायची. काम झपाट्याने होते, वाहतूक फारशी अडत नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात गूगल फायबरने याचा टोकाचा प्रकार करून पाहिला, खाच जेमतेम २ इंच खोल ठेवली. भरणी उखडून वर येऊ लागली, केबली उघड्या पडल्या आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने त्या शहरातली सेवाच बंद केली. रस्ते पूर्ववत करण्यासाठी कंपनीने शहराला ३८.४ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. उथळ खाच सरसकट वाईट, असा निष्कर्ष लेखक यातून काढत नाहीत. पदपथाच्या कडेला, पुरेशी खोली राखून ती चालते. पण ज्या रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा वरचा थर खरवडून काढतात, तिथे वरच्या थरात केबल ठेवणे म्हणजे तिच्या तुटण्याची तारीख ठरवून ठेवणे आहे.

चौथा पंथ सामाईक मार्गाचा. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोची पुनर्बांधणी होताना १९२६ मध्ये कुदानझाका येथे वीज-टेलिफोनसाठी सामाईक बोगदा बांधला गेला. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढून शहरभर फायबरचे जाळे टाकले आणि ते सर्व कंपन्यांना भाड्याने दिले. म्हणजे एकच रस्ता सात जणांनी सात वेळा खणायची गरज उरली नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नळ्यांच्या सामाईक वापरासाठी निर्देश काढला आणि २०२४ मध्ये त्याला अधिक कडक कायद्याचे रूप दिले. गुजरातमधल्या गिफ्ट सिटीत सर्व सेवांसाठी चालत जाता येईल असा बोगदा आहे. नव्याने वसणाऱ्या वस्तीत हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, असे मी मानतो. वसलेल्या जुन्या शहरात त्याला जागा मिळणे कठीण.

नळीच नको म्हणणारेही आहेत. पोलादी कवचाची केबल थेट पुरावी, किंवा विजेच्या खांबांवरून न्यावी, असे ते म्हणतात. आंध्र प्रदेशने आपले सरकारी फायबरजाळे प्रामुख्याने विजेच्या खांबांवरून नेले, आणि त्यामुळे ते लवकर व स्वस्तात पोहोचले हे मान्य करायला हवे. पण बंगालच्या उपसागराची चक्रीवादळे ज्या किनाऱ्याला नेमाने येतात, तिथे त्या स्वस्ताईचा हिशेब दर वादळानंतर पुन्हा मांडावा लागतो. कोकणच्या लोकांना निसर्ग आणि तौक्ते ही वादळे आठवत असतील. खांब आडवे झाले तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले.

आपल्या महाराष्ट्राची जमीन हा या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला विषय. परदेशी हस्तपुस्तिका मऊ मातीची जमीन धरून चालतात. आपल्याकडे एकाच राज्यात तीन तऱ्हेची जमीन लागते. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात मीटरभर खोल भेगाळते. ही हालचाल नळीला वर्षातून दोनदा ढकलते, ओढते, जोडांवर ताण आणते. अशा मातीत नळी वाळूच्या गादीवर टाकावी, भोवती वाळू भरावी आणि जोड कमीत कमी ठेवावेत. त्यामुळे लांब गुंडाळीची एचडीपीई नळी इथे कडक नळीपेक्षा केव्हाही बरी. दख्खनच्या पठारावर मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, तिथे १.६५ मीटर खोली गाठायची तर ब्रेकर लावूनही दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मीटर सरकतात. तिथे खोली कमी करून नळीवर काँक्रीट ओतणे, किंवा ती लोखंडी जस्तीपाइपातून अथवा दुहेरी भिंतीच्या पन्हळी पाइपातून नेणे हा व्यवहार्य मार्ग. मात्र त्या पन्हळी पाइपाचा उपयोग बाहेरचे कवच म्हणून करावा. त्यातच केबल फुंकायला जाऊ नये. कोकणात आणि गोव्यात जांभा लागतो. तो खणायला पाषाणापेक्षा सोपा, पण पावसात पाणी धरतो आणि उताराच्या चरातून ते पाणी ओढ्यासारखे वाहते. भरणी वाहून जाते, नळी उघडी पडते. उतारावर चराला आडवे बांध घालायची सूचना लहान दिसली तरी मोलाची आहे.

पाण्याचा आणखी एक गुण नव्या अभियंत्यांना चकवतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलके असते. चरात पाणी साचले आणि नळी रिकामी असली की ती तरंगून वर येते, मग भरणी टाकली की लाटांसारखी वाकडीतिकडी दबते. १.६५ मीटरचा चर खणूनही नळी काही ठिकाणी हातभर वर राहते. ब्लोइंगला अडथळा होतो तो वेगळाच. उन्हाचेही तसेच. दुपारी तापलेली १ किलोमीटर मोकळी नळी रात्री २० अंशांनी थंड झाली तर ३ ते ४ मीटर आखडू शकते. तापलेली नळी मापात कापून, कपलर लावून लगेच पुरली तर काही दिवसांत ती कपलरमधून निसटते. रात्रभर चरात पडू द्यावी, सकाळी जोडावी. वाहनाने ओढून किंवा चर न खणता आडवे भोक पाडणाऱ्या एचडीडी यंत्राने जमिनीखालून खेचून नेलेल्या नळीचेही हेच. ताणलेली नळी पुढच्या काही तासांत मागे येते. एचडीडीसाठी जाड भिंतीची नळी का हवी, याचे कारणही या ओढीतच आहे. चरात ठेवायची नळी आणि यंत्राने खेचायची नळी एकाच जाडीची मागवणे ही आपल्याकडच्या निविदांतली नेहमीची चूक.

घुशींबद्दल एक शब्द. मुंबई-पुण्यात दुरुस्ती गटाला ज्या तक्रारी येतात, त्यांत घुशींचा वाटा मोठा असतो. चेंबरचे झाकण तुटले, नळीच्या तोंडाला प्लग नाही, की घूस नळीतून थेट केबलपर्यंत पोहोचते. जाड नळीची भिंत तिला काही काळ रोखते. बारीक सूक्ष्मनळी एकटी पुरली तर तेवढा अडथळाही राहत नाही. सूक्ष्मनळ्यांची जुडी जाड आवरणाची घ्यावी किंवा त्या मोठ्या नळीत घालाव्यात, हा शहरांसाठीचा सल्ला त्यासाठीच.

हे सगळे आज महत्त्वाचे का, याला कारणे आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये तिचा सुधारित, मोठा टप्पा मंजूर झाला. महाराष्ट्रात महानेटच्या रूपाने राज्याने त्यात स्वतः भाग घेतला. गावाच्या वेशीपर्यंत पोहोचलेली नळी आता घरांकडे, शाळेकडे, आरोग्य केंद्राकडे जायची आहे. ५जीच्या मनोऱ्यांना फायबर हवा आहे. फायबर बनवणारे कारखाने आपल्याच राज्यात आहेत, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये काचतंतू ओढला जातो. काच आपल्याकडे आहे, ती पुरायची रीत तेवढी सुधारायची आहे. दुसरीकडे मुंबईतले रस्ते भराभर काँक्रीटचे होत आहेत. एकदा काँक्रीट पडले की पुन्हा खणणे महाग आणि परवानगी मिळणे अवघड. रस्ता उघडा असताना चार रिकाम्या नळ्या टाकून ठेवल्या तर पुढची वीस वर्षे तो रस्ता फोडावा लागणार नाही. ही संधी प्रत्येक रस्त्याला एकदाच मिळते. नगरसेवकांनी आणि महापालिकेच्या रस्ते विभागाने पुस्तकातला हा भाग तरी वाचावा, असे मला कळकळीने वाटते.

कायदाही बदलला आहे. २०१६ चे मार्गाधिकार नियम, मग २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियम यांनी परवानगीची पद्धत आणि सामाईक नळ्यांची कल्पना पुढे आणली. मार्च २०२३ मध्ये खोदाईपूर्वी सूचना देण्यासाठी सरकारने मोबाइल अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने त्यावर जागा टाकली की तिथे ज्यांची मालमत्ता पुरलेली आहे त्यांना निरोप जातो. व्यवस्था चांगली आहे. पण ती चालते ती नोंदींवर, आणि आपली नळी नेमकी कुठे, किती खोल आहे हेच मालकाला ठाऊक नसेल तर निरोप मिळूनही उपयोग नाही. प्लास्टिकची नळी जमिनीवरून शोधयंत्राला दिसत नाही. तिच्यासोबत तांब्याची बारीक शोधतार किंवा ठरावीक अंतरावर इलेक्ट्रॉनिक खुणा पुरल्या तरच ती पुढच्या पिढीला सापडते. नळी निवडताना तिच्या सोबतची ही तारही त्याच दिवशी निवडावी.

या पुस्तकाने काय केले आहे आणि काय केलेले नाही, हे सांगतो. यात फायबरचे स्प्लायसिंग, म्हणजे सांधणी, नाही, फायबर तपासणाऱ्या ओटीडीआर यंत्राचे आलेख नाहीत, प्रकाशाचे भौतिकशास्त्र लागेल तेवढेच आहे. कोणत्या कंपनीची नळी घ्यावी हेही नाही. लेखकांनी निवडीची एक रीत दिली आहे. आधी जमीन पाहायची, मग केबल कशी नेणार ते ठरवायचे, मग वळणांची बेरीज करायची, मग पुढच्या केबलींचा अंदाज बांधायचा आणि या सगळ्यातून व्यास, जाडी, द्रव्य, संख्या आणि खोली यांपर्यंत यायचे. दर त्यानंतर. उदाहरणे गाव, शहर, घाट, खाडी आणि महामार्ग अशी वेगवेगळ्या जागांची आहेत आणि प्रत्येकात लेखकांनी आपला निर्णय का घेतला ते उघडपणे मांडले आहे. वाचकाने त्यांच्याशी वाद घालावा अशीच त्यांची अपेक्षा दिसते. मीही एका ठिकाणी घालतो. शहरात प्रत्येक मार्गावर किमान दोन रिकाम्या नळ्या ठेवाव्यात असे ते म्हणतात. मला हा आकडा कमी वाटतो. चौक ओलांडताना तरी चार हव्यात, कारण चौक हा परवानगीच्या आणि वाहतुकीच्या दृष्टीने सर्वांत महागडा तुकडा असतो.

भाषेबद्दल लेखकांनी घेतलेला निर्णय मला आवडला. ज्या वस्तूला कामावरची माणसे जे म्हणतात तेच नाव त्यांनी ठेवले आहे. डक्ट, कपलर, चेंबर, ब्लोइंग हे शब्द मुकादमालाही कळतात आणि डिप्लोमा करून आलेल्या मुलीलाही. पुस्तक त्या दोघांसाठी आहे. ग्रामपंचायतीचे सरपंच, रस्ते बांधणारे ठेकेदार आणि निविदा लिहिणारे अधिकारी यांनाही गणिताची पाने वगळून ते वाचता येईल.

शेवटी दिलेला नोंदतक्ता झेरॉक्स काढून कामावर न्यावा आणि चर बुजवायच्या आधी भरावा. नळीची खोली, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, प्रत्येक कपलरची जागा, जमिनीचा प्रकार, नळीवर छापलेला बॅच क्रमांक, हे सगळे त्यात आहे. फोटो काढताना मोजपट्टी चरात उभी धरावी आणि मागे एखादी न हलणारी खूण, म्हणजे मैलाचा दगड, पुलाचा कठडा किंवा शाळेची भिंत दिसेल असे उभे राहावे. तक्त्याची एक प्रत रस्त्याच्या मालक संस्थेकडे द्यावी आणि पोच घ्यावी.